आवरते घेण्याचे तीन महिने

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मी बीजिंगमध्ये खोकायला लागलो आणि जवळजवळ सात आठवडे खोकत राहिलो. कंपनीच्या कामासाठी मी त्या वर्षीच्या मार्चमध्ये ठाण्याहून तिथे गेलो होतो आणि हाइदियन भागातल्या, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहत होतो. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी चढते आणि डब्यातले मीठ पाझरते अशा गावात पन्नाशी गाठलेल्या माणसाला हवेच्या कोरडेपणाचाही त्रास होऊ शकतो, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. आधी ओठ फुटले, मग नाकात खपल्या धरू लागल्या आणि मग खोकला आला. ताप नाही, कफ नाही. पण रोज पहाटे चारच्या सुमारास ठसका लागून जाग येई आणि उजाडेपर्यंत झोपेचे खोबरे होई. रुग्णालयात छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस पंधरा दिवसांच्या रजेवर घरी आलो, तेव्हा तिसऱ्या दिवशी खोकला नाहीसा झाला. पत्नीचे म्हणणे असे की हळदीच्या दुधाने गुण आला. मला मात्र मुंबईच्या दमट हवेचा संशय होता.

परत गेल्यावर खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने जिन्यात मला थांबवले. त्या सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका होत्या. चिनी भाषेत अशा वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात, म्हणजे मावशी किंवा काकू. पण हा शब्द उच्चारताना मराठी माणसाची जीभ पहिले काही दिवस अडखळतेच. माझा खोकला त्यांना छतातून ऐकू येत असे. त्या म्हणाल्या, “बाहेर शरदाचे तीन महिने येऊन सरले आणि तू अजून उन्हाळ्यातच राहत होतास, त्याला तो खोकला काय करणार?” मग त्यांनी माझा गुन्हाच वाचून दाखवला: रात्री साडेबाराला दिवा बंद होतो, गुरुवारी मित्रांबरोबर तिखटजाळ हॉटपॉट (टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात शिजवून खायचे जेवण) आणि थंड बिअर होते, ऑक्टोबरमध्येही पायात उघड्या चपला असतात. पुढच्या वर्षी त्या सांगतील तसे वागण्याचे मी कबूल केले. ते बरेचसे जिन्यातून सुटका व्हावी म्हणून होते, पण आयी ते विसरल्या नाहीत.

त्यांचा शरद आपल्या शरदाशी जुळत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. चिनी परंपरेत सूर्याच्या स्थितीनुसार वर्षाचे २४ भाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक भाग सुमारे १५ दिवसांचा असतो. २०१६ मध्ये युनेस्कोने या कालगणनेचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. शरदाच्या वाट्याला यांतले सहा भाग येतात: लीछ्यू म्हणजे शरदारंभ, छूशू म्हणजे उन्हाळ्याचा विराम, बाइलू म्हणजे शुभ्र दव, छ्यूफन म्हणजे दिवस-रात्र समान होण्याचा काळ, हानलू म्हणजे थंड दव आणि श्वांगजियांग म्हणजे दव गोठून उतरण्याचा काळ. २०१९ मध्ये लीछ्यू ८ ऑगस्टला होता, आणि त्या दिवशी बीजिंगमध्ये अंगाची लाही होत होती. ऑगस्ट-सप्टेंबरच्या या उकाड्याला तिथे ‘शरदातला वाघ’ म्हणतात. म्हणजे ऋतू अंगाला जाणवण्याच्या कितीतरी आधी पंचांगात लागतो, आणि आयींच्या मते तोच तर मुद्दा होता: थंडी वाजायला लागल्यावर जो बदलायला घेतो, त्याला उशीर झालेला असतो.

सुमारे २,००० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या वैद्यकग्रंथात चार ऋतूंना चार क्रिया नेमून दिल्या आहेत. वसंतात उगवणे, ग्रीष्मात वाढणे, शरदात आवरणे आणि हिवाळ्यात साठवणे. तिसऱ्या क्रियेसाठी मला मराठीत ‘आवरते घेणे’ यापेक्षा नेमका शब्द सापडला नाही, कारण त्या चिनी शब्दात सुगीचे धान्य घरात आणणे आणि पसरलेला कारभार आटोपता घेणे हे दोन्ही अर्थ आहेत. त्याच ग्रंथात शरदासाठी लवकर निजण्याचा आणि कोंबड्याबरोबर उठण्याचा, मन शांत ठेवण्याचा आणि त्याला बाहेर भटकू न देण्याचा उपदेश आहे. या वैद्यकाच्या कोष्टकात शरदाचे तत्त्व धातू, अवयव फुप्फुस आणि त्याचे जोडीदार मोठे आतडे, रंग पांढरा, चव झणझणीत, भावना दुःख आणि शत्रू कोरडेपणा. इंजिनिअर म्हणून मला हे कोष्टक तेव्हा पटले नाही आणि आजही पटलेले नाही. पण कोरडेपणा हा शत्रू आहे एवढे मान्य करायला मला कोणत्याही ग्रंथाची गरज नव्हती. मी दोनशे रुपयांत मिळेल तसला एक आर्द्रतामापक विकत घेऊन पलंगाशेजारी ठेवला आणि एका वहीत रोजचा आकडा, निजण्याची वेळ, उठण्याची वेळ आणि खोकला लिहायला सुरुवात केली.

झोपेपासून आरंभ केला. साडेबाराची सवय एका रात्रीत दहावर आणणे मला शक्य नव्हते, म्हणून मी त्या सहा भागांचाच जिना केला. लीछ्यूला बारा, छूशूला साडेअकरा, बाइलूला अकरा, छ्यूफनला साडेदहा आणि हानलूला दहा. शेवटच्या भागात वेळ न बदलता तिथेच थांबायचे. उठायचे मात्र पहिल्या दिवसापासून साडेपाचला. ऑगस्टमध्ये त्या वेळी लख्ख उजाडलेले असे, म्हणून ते सोपे गेले; ऑक्टोबरमध्ये बाहेर काळोख असताना गजर वाजू लागला तेव्हा कोंबड्यावर राग काढावासा वाटे. पहिले दोन आठवडे दुपारी कार्यालयात डोळे मिटत. पण पंधरा दिवसांनी फक्त अर्धा तास, हा हिशेब इतका सोसण्याजोगा होता की सप्टेंबरच्या अखेरीस साडेदहाला निजताना मी स्वतःवर काही लादतो आहे असे वाटेनासे झाले. या सगळ्या प्रकारातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट हीच, आणि ती ग्रंथातली नसून पंचांगाच्या रचनेतली आहे.

लीछ्यूच्याच दिवशी एक पेच उभा राहिला. उत्तर चीनमध्ये त्या दिवशी ‘शरदाची चरबी चढवण्याची’ रीत आहे. उन्हाळ्यात माणसाची भूक मरते आणि तो झिजतो, म्हणून शरद लागताच मांस खाऊन वजन भरून काढायचे. पूर्वी लोक उन्हाळ्याच्या आरंभी आणि लीछ्यूला काट्यावर उभे राहून किती घटले ते पाहत. आयी संध्याकाळी सोया सॉसमध्ये शिजवलेल्या तुकतुकीत डुकराच्या मांसाचा वाडगा घेऊन आल्या. इकडे श्रावण लागून आठवडा झाला होता आणि ठाण्यात आमच्या घरी तो काटेकोर पाळला जातो. एरवी मी मटण-मासे खाणारा, पण फोनवर रोज “अहो, जेवणात काय होतं?” हा प्रश्न येत असताना खोटे बोलणे जमण्यासारखे नव्हते. या महिन्यात आमच्याकडे मांस खात नाहीत असे सांगितल्यावर आयींनी फार गंभीरपणे विचार केला आणि विचारले, “मग तुमच्याकडे चरबी कधी चढवतात?” दिवाळीत, असे मी म्हणालो, आणि ते खरेच होते. वाडगा त्या परत घेऊन गेल्या. जाताना माझ्या पोटाकडे एक नजर टाकून त्यांनी असेही सांगितले की हल्लीचे डॉक्टर माझ्यासारख्यांना ही रीत पाळूच नका असे सांगतात.

कपड्यांचा नियम मला उलटा वाटला होता. ‘वसंतात पांघरा, शरदात गारठा सोसा’ अशी चिनी म्हण आहे. थंडीची पहिली झुळूक येताच स्वेटर चढवला तर शरीर सरावत नाही, म्हणून थोडे गार वाटू द्यायचे. आणि तरीही आणखी दोन म्हणी आहेत: शुभ्र दवानंतर अंग उघडे टाकू नये आणि थंड दवानंतर पाय उघडे टाकू नयेत. हा विरोध मी आयींना दाखवला, तेव्हा त्यांनी मला गल्लीतली लहान मुले बघायला सांगितली. मुलांच्या अंगात एकेक पातळ सदरा होता, पण पोट झाकलेले आणि पायांत मोजे होते. म्हणजे पोट, मान आणि पाय सांभाळायचे, बाकीच्या अंगाला थोडी थंडी लागू द्यायची. आणि वृद्ध, तान्ही मुले व छातीचे रोगी यांनी गारठा सोसण्याच्या भानगडीत पडायचे नाही. ८ सप्टेंबरला, बाइलूच्या दिवशी, मी बिनबाह्यांचे बनियन कपाटात ठेवले. दुपारी २८ अंश असताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालणे मूर्खपणाचे वाटे, पण पहाटे १५ अंशांत बागेत जाताना त्याचा उपयोग कळे.

बागेत मी आयींच्या निवृत्त मंडळींबरोबर ‘बादुआनजिन’ शिकलो. आठ सोप्या हालचालींचा हा जुना व्यायामप्रकार आहे. त्यांपैकी दुसरीत डावीउजवीकडे धनुष्य ताणून ससाण्यावर नेम धरल्याचा अभिनय करतात, तेव्हा छाती मोकळी होते. माझे गुडघे वाकत नसत आणि ऐंशी वर्षांचे एक आजोबा माझ्या कोपरावर टिचकी मारून ते खाली आणत. त्यानंतर नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंना बोटांनी ऊब येईपर्यंत चोळायचे. त्या जागेच्या नावाचा अर्थ ‘सुगंधाचे स्वागत’ असा आहे, आणि नाक चोंदलेल्या माणसाला तो कळायला वेळ लागत नाही.

आता स्वयंपाकघर. ‘यिन्-अर’ म्हणजे चंदेरी कान ही शरदातली मुख्य वस्तू. ती झाडाच्या लाकडावर वाढणारी पांढरट बुरशी आहे, अळिंबीच्या नात्यातली. सुकलेली असताना समुद्रातल्या स्पंजासारखी फिकट पिवळी, कुरकुरीत दिसते. आयींनी मला एक पाकीट दिले आणि भिजवून उकळ एवढेच सांगितले. आपल्याकडे जे काही भिजवायचे ते रात्रभर, मग ती मटकी असो नाहीतर साबुदाणा, म्हणून मी रात्री नऊला ती पाण्यात घातली आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातून आल्यावर शिजवायला घेतली. ऑगस्टचा उकाडा होता. आयी सहज डोकावल्या, भांड्याला हात लावून त्यांनी विचारले, “कधी भिजवलीस?” आणि उत्तर ऐकताच सगळे भांडे मोरीत उपडे केले. गरम हवेत फार वेळ भिजलेल्या बुरशीत एक विशिष्ट जिवाणू वाढतो आणि त्याचे विष उकळूनही जात नाही. चीनमध्ये अशा विषबाधेने माणसे दगावली आहेत. मटकीचा न्याय इथे लागू पडत नाही, हे मी आजन्म विसरणार नाही.

खरी रीत अशी. बुरशीचा एक गोळा थंड पाण्यात तास-दोन तास भिजवायचा. तो फुलून गुलछडीच्या गुच्छासारखा पांढराशुभ्र होतो. खालचा पिवळा, कठीण देठ कात्रीने कापून टाकायचा आणि उरलेले हाताने जितके बारीक तोडता येईल तितके तोडायचे, कारण बारीक तुकडेच लवकर चिकटा सोडतात. भरपूर पाण्यात मंद आचेवर दीड-दोन तास ठेवले की पाणी साबुदाण्याच्या पेजेसारखे दाटसर होऊ लागते. मग लिलीच्या कंदाच्या पाकळ्या आणि नासपतीच्या फोडी घालायच्या, वरून खडीसाखर. चिनी लोक तिला ‘बर्फसाखर’ म्हणतात. आपली नी त्यांची वस्तू तीच आहे. शेवटची दहा मिनिटे दोन-चार लाल खजूर टाकायचे, जे नावाचे खजूर असले तरी चवीने आणि कुळाने सरळ बोरे आहेत. या पदार्थाला वास जवळजवळ नाही आणि चवही साखरेचीच; पण कोरड्या घशातून तो गिळगिळीत घोट खाली जातो तेव्हा बरे वाटते, हे निर्विवाद.

नासपतीने मात्र मला धडा शिकवला. कोरडेपणावर नासपती उत्तम असे सगळेच सांगत होते, आणि सप्टेंबरमध्ये रस्तोरस्ती टोपल्या भरून ती येत होती, म्हणून मी दिवसाला चार-चार कच्च्या नासपती खाऊ लागलो. पाचव्या दिवशी पोट बिघडले ते तीन दिवस सावरले नाही. चिनी वैद्यकात नासपती ‘थंड’ मानतात. कच्ची असताना ती उष्णता काढते आणि शिजवली की ओलावा देते, असा भेद करतात. आपल्याकडे कोणीही आजी एवढेच म्हणाली असती की अति तिथे माती. त्यानंतर मी रोज एकच नासपती खडीसाखर घालून वाफवून खाल्ली, आणि तक्रार उरली नाही.

झणझणीत कमी आणि आंबट जास्त, हा आहाराचा दुसरा नियम. मिरची, आले, लसूण, दारू हे सगळे घामावाटे बाहेर फेकणारे, पसरवणारे. आंबट ते आवरून धरणारे, असे त्यामागचे तर्कशास्त्र. आयी सफरचंद, द्राक्षे, पपनस सुचवत होत्या. माझ्याजवळ घरून आणलेली आमसुले होती. मी त्यांचे सार केले, मिरचीऐवजी जिऱ्याची फोडणी दिली आणि आयींना वाटीभर पाठवले. त्यांच्या कोणत्याही ग्रंथात आमसूल नाही, पण त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला की हे शरदाचे आहे. पुढच्या खेपेला मला एक किलो आमसुले न्यावी लागली.

१३ सप्टेंबरला त्यांचा मध्यशरद उत्सव आला. तो त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो, आणि ती त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या पाठोपाठ येणारी भाद्रपदी पौर्णिमाच होती. व्हिडिओ कॉलवर घरच्या गणपतीचे विसर्जन पाहून मी झोपलो आणि दुसऱ्या संध्याकाळी आयींच्या गच्चीवर चंद्र पाहत कमळाच्या बियांचे सारण भरलेला मूनकेक खाल्ला. तो मोदकापेक्षा जड असतो. आयींनी त्याचे आठ तुकडे करून मला एकच दिला, कारण तेलकट आणि गोड एकत्र आले की ‘आग चढते’.

मग माझे पाऊल घसरले. १ ऑक्टोबरला राष्ट्रीय दिनाची सुट्टी सुरू झाली आणि ३ तारखेला सहकाऱ्यांनी छोंगछिंग पद्धतीच्या हॉटपॉटला नेले. लाल तेलात तरंगणाऱ्या मिरच्या, जिभेला मुंग्या आणणारी तिरफळाच्या जातीची मिरी, सोबत बर्फासारखी बिअर, आणि घरी यायला रात्रीचा एक. वहीत त्या रात्री आर्द्रता २९ टक्के आहे. ५ तारखेला पहाटे चारला ठसका लागला.

या वेळी आयी मला एका छोट्या चिनी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझे मनगट एका छोट्या उशीवर ठेवून तीन बोटांनी नाडी पाहिली, आधी डावी, मग उजवी. उजव्या मनगटावर अंगठ्याजवळची जागा फुप्फुसाची मानतात, तिथे त्या बराच वेळ थांबल्या. जीभ बाहेर काढायला लावली. तहान, घाम, शौच, झोप यांची चौकशी केली. खोकला पहाटे तीन ते पाचमध्ये येतो हे ऐकून त्यांनी समाधानाने मान हलवली, कारण त्यांच्या घड्याळात ती फुप्फुसाची वेळ आहे. शेवटी विचारले, “अलीकडे काही दुःख झाले आहे का?” मी अगदी आनंदात आहे, असे उत्तर दिल्यावर त्या किंचित निराश झाल्यासारख्या वाटल्या. कोष्टकातला तो एक चौकोन रिकामा राहिला.

त्यांनी लिहून दिलेला काढा वू जूथोंग या वैद्याच्या १७९८ च्या ग्रंथातला होता. चिनी नावांची ती चिठ्ठी पाहून मी दबकलो होतो, पण औषधवाल्याने लाकडी खणांतून एकेक वस्तू काढून कागदावर तोलायला सुरुवात केली तेव्हा मला ओळखीचे चेहरे दिसू लागले. तुतीची वाळलेली पाने होती. पांढरे वाल होते, अगदी बिरड्याचे असावेत तसे. पडवळाच्या कुळातल्या एका वेलाचे मूळ होते. मूळ नुस्ख्यात ज्येष्ठमधही असते. पण मी रक्तदाबाची गोळी घेतो हे सांगितल्यामुळे डॉक्टरीणबाईंनी ते खोडले होते, कारण ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो. जे कोणी अशा वाटेने जातील त्यांनी चालू असलेली औषधे न विचारताच सांगून टाकावीत. सात दिवसांचे सात पुडे घेतले. खोकला आरंभापासून मोजता नवव्या दिवशी थांबला. काढ्याने थांबला, की तो तसाही थांबणारच होता, हे वहीवरून ठरवता येत नाही.

हानलू म्हणजे थंड दव ८ ऑक्टोबरला आला, आणि त्याच दिवशी दसरा होता. आदल्या दिवशी नवव्या महिन्याची नवमी होती, तेव्हा तिथे उंच जागी चढून जाण्याचा आणि शेवंती पिण्याचा प्रघात आहे. आयींनी काचेच्या पेल्यात शेवंतीची वाळलेली फुले टाकून वरून गरम पाणी ओतले. ज्या फुलांचे हार दसऱ्याला दाराला लावायचे ती पेल्यात उमलताना पाहून मला क्षणभर चोरी केल्यासारखे वाटले. त्या दिवसापासून रात्री निजण्यापूर्वी वीस मिनिटे पाय गरम पाण्यात बुडवून बसायचे होते. बादली उंच हवी, पाणी पोटऱ्यांपर्यंत यायला हवे, आणि कपाळावर किंचित ओल येताच थांबायचे. दरदरून घाम आणायचा नाही, कारण शरदात काही बाहेर सांडू द्यायचे नसते. ही एक सवय मला मनापासून आवडली. पाय पाण्यात असताना माणूस लॅपटॉप उघडत नाही.

दिवाळीला मात्र दोन ऋतुचर्यांची टक्कर झाली. श्वांगजियांग २४ ऑक्टोबरला आणि नरकचतुर्दशी व लक्ष्मीपूजन २७ ला. घरून फराळाचे पार्सल आले होते. चकली, कडबोळी, शेव: तळलेले, तिखट आणि कोरडे, म्हणजे आयींच्या यादीतले तिन्ही दोष एकाच डब्यात. त्यांनी एक चकली खाल्ली, छान आहे म्हणाल्या, आणि लगेच मला मुळ्याची कोशिंबीर खायला लावली. अभ्यंगस्नानाची हकीकत ऐकल्यावर मात्र त्या खूश झाल्या. शरदात रोज कढत पाण्याने आणि साबणाने अंग घासू नये, त्वचा आणखी कोरडी पडते, हे त्या मला महिनाभर सांगत होत्या; आधी तीळतेल जिरवून मग स्नान करायचे हे त्यांना फार पटले, कारण तीळ त्यांच्याकडेही ओलावा देणारेच. फक्त पहाटे चारला ओल्या अंगाने थांबू नकोस, एवढी दुरुस्ती त्यांनी केली.

हिशेब मांडायचा तर २०१८ मध्ये सात आठवडे खोकला होता आणि २०१९ मध्ये नऊ दिवस. यातून काही सिद्ध होते असे मी म्हणणार नाही, कारण मी एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्या होत्या. त्यांतल्या एकीचा चिनी वैद्यकाशी संबंधही नव्हता. ऑक्टोबरच्या मध्यापासून मी खोलीत आर्द्रता वाढवणारे यंत्र लावले होते, आणि त्यात उकळून गाळलेले पाणी घालावे लागे, नाहीतर बीजिंगच्या जड पाण्याची पांढरी पूड टेबलावर बसे. आकडा २८ वरून ४५ वर गेला. माझ्या मते खोकला पुन्हा न उलटण्याच्या श्रेयाचा मोठा वाटा त्या यंत्राचा आणि झोपेचा. नासपती-बुरशीचा वाटा घशापुरता.

आणि ही राहणी जशीच्या तशी ठाण्यात आणण्यात अर्थ नाही. आपल्या आयुर्वेदातला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पावसाळ्यात साठलेले पित्त उन्हाच्या तिरपीने उसळते म्हणून कडू, तुरट, गोड खा, दही टाळा, दुपारी झोपू नका असे त्यात सांगितले आहे. ‘वैद्यानां शारदी माता’ असे वचन आहे, कारण या ऋतूत वैद्यांकडे रोग्यांची रीघ लागते. आपला शत्रू पित्त, त्यांचा कोरडेपणा. आंबटाच्या बाबतीत तर दोघांचे सल्ले थेट उलटे पडतात: ते शरदात आंबट वाढवा म्हणतात, आणि आपला वैद्य पित्तात आंबट वर्ज्य करतो. पत्नीने हे फोनवर ऐकले तेव्हा विचारले, “अहो, मग खरं कोणाचं?” बीजिंगमध्ये आर्द्रता २९ टक्के आहे आणि ठाण्यात तुझ्या खिडकीबाहेर ७५ असेल, एवढेच मी सांगू शकलो.

८ नोव्हेंबरला लीदोंग म्हणजे हिवाळ्याचा आरंभ झाला. उत्तरेत त्या दिवशी डंपलिंग खातात. श्रावण कधीच संपला होता, म्हणून आयींनी मटणाचे सारण भरले होते, आणि कडा दाबून मुरड घालायचे काम माझ्याकडे दिले. करंजीच्या सरावाने मुरड बरी पडली. जेवण झाल्यावर त्यांनी विचारले, “उद्या किती वाजता उठणार?” साडेपाचला, असे मी तीन महिन्यांच्या तयारीने उत्तर दिले. त्यांनी मान हलवली. शरद संपला होता, कोंबड्याचे काम संपले होते. हिवाळ्यात लवकर निजायचे पण उशिरा उठायचे, सूर्य वर येईपर्यंत वाट पाहायची, असे तोच ग्रंथ सांगतो. वर येऊन मी वहीत शेवटची ओळ लिहिली, बादलीतले पाणी ओतले आणि मोबाइलवरचा गजर साडेपाचवरून सहा पन्नासवर नेला.